अठ्ठाविसावा दिवस

सोहारच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर काँक्रीटचे क्यूब फोडतो.
पंधरा सेंटिमीटरचे, सगळे सारखे, पाठीवर खडूनं तारीख.
सातव्या दिवशी तीन, अठ्ठाविसाव्या दिवशी तीन.
यंत्र दाबत जातं, काटा चढतो,
आतून एक कोरडा आवाज येतो
आणि मी वहीत आकडा लिहितो.
एकोणीस वर्षं. बंदराचा धक्का, दोन पूल, नव्वद बंगले
या वहीत उभे आहेत.
त्यांतल्या एकातही मी झोपलेलो नाही.

साबिरा आली माझ्या अकराव्या वर्षी,
दोन बॅगा आणि एक बिडाचा तवा घेऊन.
खमीसच्या या भाड्याच्या घरातला ओटा तिच्या छातीशी यायचा.
तुपाच्या रिकाम्या डब्यावर उभी राहून ती भाकरी थापायची
आणि डबा कुरकुरला की म्हणायची,
"या मुलखात ओटे उंटांसाठी बांधतात वाटतं."

मी तिचं माप घेतलं. कोपरापासून लादीपर्यंत.
टेप धर म्हटलं तर पिठाच्या हातानं भलतंच टोक धरलं.
कोपराखाली चार बोटं: अठ्ठ्याहत्तर.
सिंक डावीकडे, कारण ती डावखुरी.

फळ्या गुलजमाननं कापून दिल्या, स्वातचा शटरिंगवाला.
पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाला,
उलटं बघायला शीक, भाई.
ओटा उलटाच ओततात ना.
साच्याच्या तळाशी जे अंधारात असतं
तेच नंतर वर येतं, त्यावरच भाकरी.
डावं उजवं होतं. मी दोनदा चुकलो.
आणि सिंकचा खड्डा तिथे खड्डा नसतो,
थर्माकोलचं टेकाड असतं, चिकटपट्टी गुंडाळलेलं,
माथ्यावर पाइपाचा तुकडा.
कडांना सिलिकॉन भरून बोट फिरवलं.
एका कोपऱ्यात ते बोट अजून आहे.

जूनमध्ये इथे दिवसा ओतता येत नाही.
अजानेच्या आधी, अंगणात, बल्बच्या उजेडात.
पाण्यात बर्फ घातला, मासळीबाजारातला.
"ओट्याला सुरमईचा वास मारेल," साबिरा म्हणाली.
वाळू तीनदा धुतली. इथल्या वाळूत समुद्र असतो,
समुद्र लोखंड खातो.
साच्याला खालून सँडर टेकवला, फळी थरथरली,
बुडबुडे वर आले, दूध उतू जाण्याआधी येतात तसे.
तिनं सवयीनं फुंकर मारली.

मग गोणपाट, सात दिवस ओलं.
मी कामावर, ती दर तासाला पाणी शिंपडायची.
तिसऱ्या दुपारी फोनवर म्हणाली, "बाळ झोपलंय तुमचं."
लग्नाला सोळा वर्षं, हा शब्द आमच्यात कुणी काढत नाही.
मी फोन ठेवला नाही. तिनंही नाही.
मग म्हणाली, टाकी संपत आलीय,
टँकरवाल्याला सांगा.

उलटा करायला सहा माणसं लागली.
थर्माकोल चमच्यानं खरवडून काढला,
आत राखाडी, गार पोकळी.
पाणी सोडलं तर कडेनं वळसा घालून गेलं,
एका जागी जरासं थबकलं.
उतार दोन मिलिमीटर चुकलाय, मलाच दिसतो.

सीलर लावायच्या आधी तिचा हळदीचा हात टेकला.
चार बोटं उमटली. लिंबू चोळलं,
तर लिंबाचा वेगळा डाग.

खमीस आला, ओट्यावर थाप मारली, घोड्याला मारावी तशी.
जाताना हे कसं न्याल? दोनशे वीस किलो!
साबिरा चहा गाळत होती.
"आम्ही डबा नेऊ," म्हणाली.

उरलेल्या मालाचा मी सवयीनं एक क्यूब भरला होता.
तारीख टाकली, पाण्यात ठेवला.
अठ्ठाविसाव्या दिवशी पिशवीत घालून प्रयोगशाळेत नेला,
यंत्राखाली ठेवला,
आणि परत आणला.
आता तो दाराशी असतो. वाऱ्यानं दार आपटतं म्हणून.
किती दाब सोसेल, ठाऊक नाही.
वहीत नोंद नाही.